पिल्लू आणायला गेलो, त्याची आई घेऊन आलो

मंडळी, आज सकाळी सासऱ्यांना घेऊन तारिहाळजवळ लॅब्राडोरचं पिल्लू आणायला गेले होते. सासरे, म्हणजे अप्पा, निवृत्त वकील आहेत. पिल्लू माझ्या मांडीवरच झोपून गेलं, त्यामुळे मी तर लगेच हो म्हणाले असते.

अप्पा मात्र विक्रेत्याला म्हणाले, "याची आई दाखवा की, अण्णा."

"ती गावाकडं असते, साहेब."

"मग गावाकडं जाऊ. मला आता कुठलं कोर्ट?"

एवढ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधून भुंकणं ऐकू आलं. अप्पा सरळ तिकडे गेले. पिंजऱ्यात केस गळालेली, पोट लोंबलेली एक कुत्री होती, पिल्लाची आईच. अप्पांनी व्यवसायाच्या नोंदणीचा कागद मागितला. तो नव्हताच.

विक्रेता वरमून म्हणाला, "तिचं वय झालं, साहेब. हवी तर घेऊन जा."

आम्ही तिलाच घेऊन आलो. पैसे देऊन असला धंदा चालू ठेवायचा नव्हता, म्हणून पिल्लू तिथेच राहिलं, याची रुखरुख आहे. अप्पांनी दुपारीच पशुसंवर्धन खात्यात लेखी तक्रार दिली.

अंगणातल्या मातीवर पाय टेकायलाही ती बिचकत होती. गुडघे दुखत असूनही अप्पा तिच्यासमोर खाली बसले आणि कन्नडमधून लहान बहिणीला बोलवावं तसं म्हणत राहिले, "बा तंगी, बा." बऱ्याच वेळाने तिने त्यांच्या तळहातावर हनुवटी टेकवली. अप्पांचे डोळे भरून आले.

याआधी आमच्याकडे दोन पिल्लं आली. त्यांची आई कुठे आहे, हे मी कधीच विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतं का?