बॅटरीच्या गाडीवर सिंदी ते हिंगणघाट, आणि दुपारी एक वाजताची चूक

टेम्पोवाला तिसऱ्यांदा "उद्या पाहू" म्हणाला, तेव्हा मी ठरवलं की गाडी आपणच चालवत हिंगणघाटला न्यायची. 

आधी गाडीबद्दल सांगते. मी सिंदी (रेल्वे)ला राहते आणि आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यात शाळेत शिकवते. वाहनांची मला पहिल्यापासून भीती. त्यामागे अपघात वगैरे काही नाही, भीती आहे म्हणून आहे. सायकलसुद्धा मी बाविसाव्या वर्षी शिकले. म्हणूनच २००६च्या शेवटी हिंगणघाटच्या एका दुकानातून बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली. लायसन्स नको, नंबरप्लेट नको आणि पंचवीसच्या वर ती पळतच नाही. मला हवी तशीच.

कागदावर सत्तर किलोमीटर लिहिलं होतं. आमच्या रस्त्यावर ती पंचेचाळीस जायची. दीड वर्षात हे पंचेचाळीसचे वीस झाले. एकदा शाळेतून येताना नाल्याच्या पुलावरच थांबली आणि भर उन्हात ढकलत आणावी लागली. सिंदीतल्या मेकॅनिकने सीट उघडली, आतल्या चार काळ्या बॅटऱ्या पाहिल्या आणि सीट परत बंद केली. "मॅडम, याच्यात इंजिनच नाई. मी पाहू काय?" दुकानाचा फोन लागत नव्हता. बॅटऱ्या बदलायच्या तर हिंगणघाट गाठणं भाग होतं. अंतर पन्नासेक किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग हैदराबाद रोडचा, म्हणजे ट्रकांचा.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा पोस्टमन होते, रिटायर होऊन सात वर्षं झालेली. सायकलवर डाक वाटत त्यांनी आख्खा तालुका पालथा घातलेला. म्हणाले, "मी येतो तुह्यासंगं. तू समोर पाह्य, मी मांगं पाहतो."

ही त्यांची कल्पना मला फार आवडली. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो. पुढच्याला कळत नाही की कोणी येतंय आणि मागून येणाऱ्याचा अंदाज चुकतो, कारण एवढं हळू कोणी चालवत असेल असं त्याला वाटतच नाही. आरसा तर इतका थरथरतो की त्यात एका ट्रकाचे तीन दिसतात.

पहिला दिवस. सकाळी सहाला निघालो. एप्रिल सुरू झाला होता. सोबत चार्जर, लांब वायर, दोन पाण्याच्या बाटल्या, पोळ्या, ठेचा आणि उन्हाचा इलाज म्हणून बाबांच्या खिशात कांदा. सिंदी ते कांढळी रस्ता अरुंद, कडा तुटलेल्या, पण रहदारी थोडी. बांधांवर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे ढीग, बाकी काळी मोकळी रानं. कांढळीला बाबांच्या ओळखीच्या चक्कीवाल्याने पीठ दळता दळता आमची गाडी चार्जिंगला लावून दिली. "काकाजी, मोबाइलसारखीच लावाची का ही?" असं त्याने विचारलं आणि पैसे घ्यायला नाही म्हणाला. नऊला लोडशेडिंग सुरू झालं, तोवर जेवढी भरली तेवढी भरली.

असा प्रवास करणार असाल तर वाटेतल्या प्रत्येक गावाची लाइन जाण्याची वेळ आधी विचारून घ्या. मी हायवेवरच्या जाम गावची विचारली नव्हती.

कांढळीहून हायवेला लागलो आणि माझे हात हँडलला चिकटले. बाबा मागून सांगत होते, "ट्रक येऊन राह्यला. डावीकडं घे. अजून डावीकडं. गेला." मग थोड्या वेळाने, "बस हाय. येऊ दे." प्रत्येक ट्रक गेला की वाऱ्याचा झोत गाडीला आधी आत ओढायचा, मग बाहेर ढकलायचा. मी श्वास धरून ठेवायची आणि बाबा "गेला" म्हणाले की सोडायची. जामच्या ढाब्यावर पोचलो तर लाइन नव्हती, ती दोनला येणार होती. तर्री-पोहे खाल्ले, बाजेवर पडून राहिलो, दोन ते चार गाडी लावली आणि दिवस मावळायच्या आत हिंगणघाटला आत्याकडे पोचलो. माझी बोटं सरळ होत नव्हती. 

दुसरा दिवस. दुकान बंद होतं. आज उघडलं नाही असं नव्हे, कायमचंच बंद. पाटीसुद्धा काढलेली, तिच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन. मी तिथेच पायरीवर बसले. शेजारी इन्व्हर्टरचं दुकान होतं. त्याचे मालक वसंतभाऊ बाहेर आले. माझ्यासारखे चारपाच जण त्यांनी याआधी पाहिले असावेत.

"चावी द्या ताई. बॅटरीच हाय ना, मंग मले काय इन्व्हर्टरची अन् काय गाडीची."

त्यांनी चारही बॅटऱ्या काढून एकेक करून मोठ्या बल्बला लावल्या. दोघींवर बल्ब पेटताच मंदावला. माझी नजर उरलेल्या दोघींवर. "ह्या दोन राहू द्यायच्या का?"

"राहू द्याल तर सहा महिन्यांत परत याल. जुनी बॅटरी नवीले खाऊन टाकते."

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चारही बॅटऱ्यांचे मिळून येतात तेवढे व्होल्ट पाहून काही कळत नाही. एकेक सुटी करून, भार टाकून पाहायला लावा. आणि चारही एकदमच बदला. मला सात हजारांच्या वर पडलं, जुन्या बॅटऱ्या वजा जाऊन.

लाइन दहाला आली. जोडणी होऊन अकराला गाडी चार्जिंगला लागली. वसंतभाऊ म्हणाले, "पहिली चार्जिंग हाय, पाच वाजेपर्यंत होऊ द्या. हिरवा दिवा लागला का निघजा." आणि ते जेवायला घरी गेले.

मी हिशेब मांडला. पाचला निघालं तर सिंदीला पोचेपर्यंत आठ. म्हणजे शेवटचा तास-दीड तास अंधारात, ट्रकांच्या दिव्यांसमोर, या गाडीच्या मिणमिणत्या लाइटवर. दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा, त्यामुळे मुक्काम वाढवता येत नव्हता. तेव्हापासून तो अंधार माझ्या डोळ्यांसमोर होता. मोठ्या दिव्यांची एक जोडी आणि मी रस्त्याच्या कडेला पडलेली, एवढंच दिसायचं. उरलेली कांढळीला चक्कीवर भरू, असं ठरवून एक वाजता मी चार्जर काढला. बाबा दुकानाच्या सावलीत बसले होते.

"झाली चार्ज?"

"झाली."

"एवढ्या लवकर?"

"नवीन बॅटऱ्या आहेत, बाबा."

ते उठले. दुपट्टा डोक्याला बांधला आणि मागे बसले.

ऊन कसं होतं ते विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. वारा तोंडावर यायचा तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. जामला थांबून मी लिंबूपाणी घेतलं. बाबांनी दोन घोट घेऊन ग्लास ठेवून दिला. "जास्त पेलो तर घडीघडी थांबा लागते. तुले उशीर होते." मीही आग्रह केला नाही. मला खरंच उशीर होत होता.

जामच्या पुढे बाबांचा आवाज येत होता. "ट्रक. डावीकडं." मग बराच वेळ काही नाही. रस्ता मोकळा असेल, असं मला वाटलं. आणि एकाएकी उजव्या कोपराशेजारून ट्रकाचं मागचं चाक गेलं, इतक्या जवळून की ओढणी त्या बाजूला ओढली गेली. गाडी खडीत उतरली, डगमगली आणि कशीबशी उभी राहिली.

"बाबा! सांगितलं का नाही?"

 त्यांचं डोकं माझ्या खांद्याला टेकलेलं होतं. गाडीला आवाज नसल्याने त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. जलद, कोरडा, तोंडाने घेतलेला. मी हात मागे नेऊन त्यांच्या कपाळाला लावला. घाम नव्हता. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

"बाबा, पाणी घ्या."

त्यांनी डोळे उघडले. "थैला कुठी ठेवला?" त्यांनी विचारलं. "आज डाक लय हाय."

तोवर मला ट्रकांची भीती वाटत होती, अंधाराची वाटत होती. आता वाटली ती भीती वेगळीच होती.   मी हात करत राहिले, तीन गाड्या न थांबता निघून गेल्या. आजूबाजूला सावली देईल असं एक झाड नाही. बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर, छातीवर ओतलं, दुपट्टा भिजवला. मग माझ्या ओढणीने त्यांना माझ्या कमरेशी बांधलं, घट्ट, दोन गाठी मारून. कांढळी सहा-सात किलोमीटर असेल. तिथे सरकारी दवाखाना आहे हे बाबांनीच जाताना दाखवलं होतं.

मागे पाहायला आता कोणी नव्हतं. हॉर्न वाजायचे, मी डावी कड सोडत नव्हते. मोठमोठ्याने बोलत होते. "बाबा, चिकणी गावची डाक कोण वाटायचं? बाबा, बोला." ते काहीतरी पुटपुटायचे आणि पुटपुटत होते तोवर मला धीर होता. हँडलवरचा बॅटरीचा दिवा पिवळा झाला. कांढळीची पहिली घरं दिसायला लागली आणि तो लाल झाला. चढावर गाडी माणसाच्या चालीने चालू लागली. मी ओढणी सोडून उतरले. एका हाताने सीटवरच्या बाबांना धरलं, दुसऱ्या हाताने हँडल पिळत चालू लागले. त्या गाडीचा एवढा एक गुण सांगते: जीव जाता जाता इंजिनाची गाडी एकदम बंद पडते. ही मात्र रांगत का होईना, चालत राहते.

पऱ्हाट्या वेचून परतणाऱ्या दोन बायांनी आम्हाला पाहिलं. डोक्यावरच्या मोळ्या तिथेच टाकून त्या धावत आल्या.

"काऊन वं बाई, काय झालं म्हाताऱ्याले?"

"ऊन लागलं."

"अशा उन्हात आनलं काऊन त्याईले?"

 एकीने हातातल्या प्लास्टिकच्या डबकीतलं उरलेलं पाणी बाबांच्या डोक्यावर रिकामं केलं. दोघींनी दोन बाजूंनी त्यांना धरलं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत चालत आल्या. त्यांची नावं विचारायची राहून गेली. याची रुखरुख अजून आहे.

दवाखान्यात नर्सबाईंनी ओल्या चादरी गुंडाळल्या, काखेत बर्फ ठेवला, सलाइन लावलं. दर थोड्या वेळाने त्या वाकून विचारायच्या, "काकाजी, नाव सांगा तुमचं." पहिल्यांदा बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा माझ्या आजोबांचं नाव सांगितलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला तिसऱ्यांदा ऐकायचं नव्हतं. ऊन उतरायला लागलं तेव्हा आतून आवाज आला. पातळ, पण सरळ: "महादेव लक्ष्मण." आणि पाठोपाठ, "माही पोरगी कुठी हाय?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही टेम्पोने सिंदीला आलो. मी, बाबा आणि मागे दोरीने बांधलेली गाडी. परीक्षा माझ्याविना पार पडली होती. कोणाचंच काही अडलं नव्हतं.

याला आता वर्ष झालं. नवीन बॅटऱ्या चांगल्या चालल्या आहेत. दर दोन महिन्यांनी टोकांवरची पांढरी बुरशी पुसते, गाडी रात्रभर रिकामी ठेवत नाही, तापलेली असताना लगेच चार्जिंगला लावत नाही. बॅटरीची गाडी घ्यावी का असं मला विचारतात. शाळा, बाजार, गावातल्या गावात, जरूर घ्या. फक्त बॅटऱ्या बदलून देणारा माणूस कुठे आहे ते आधी पाहा, गाडी मग. हायवेवर नेऊ नका. आणि चार्ज होऊ द्या. जेवढा वेळ सांगितला तेवढा होऊ द्या.

बाबा ठणठणीत आहेत. उन्हात मात्र निघत नाहीत, पायऱ्या चढताना थांबतात. भीतीचं विचाराल तर ती गेलेली नाही. रोज किल्ली फिरवताना येते. पण आता मला ट्रकांपेक्षा माझ्याच घाईची जास्त भीती वाटते.

एक गोष्ट मी वर्षभर बोलले नव्हते. मागच्या आठवड्यात अंगणात बसलो होतो, तेव्हा सांगितली.

"बाबा, त्या दिवशी चार्जिंग झालं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"मले मालूम होतं. हिरवा दिवा लागलाच नव्हता. मी तिथंच तर बसलो होतो."

"मग बसलात कशाला मागे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी अगदीच साधी गोष्ट विचारली होती.

"नसतो बसलो तर तू एकटी गेली असती."