काचेच्या कपाटातली डिस्क

जेवायला बसला की तो ताट उचलायचा, दोन तळव्यांमध्ये कडेनं धरायचा आणि खिडकीकडे तिरकं करून निरखायचा. मध्ये बोट लावायचं नाही. पाहुणे असले तरी यात खंड नाही. बायको म्हणायची, "त्यात काही भरलेलं नाहीये. जेवून घ्या."

तो ताट खाली ठेवायचा.

लोक त्याला शूटिंगवाला म्हणत. शाळांचे कार्यक्रम, निरोपसमारंभ, दुकानांची उद्घाटनं, जे मिळेल ते तो टिपायचा. घरच्या कॉम्प्युटरवर डिस्क भरायची, मार्करनं वर तारीख टाकायची, कागदी पाकिटात घालून द्यायची. पडद्यावर आपलंच पोर नाचत असताना पाकिटाकडे कोण बघतं?

मग शिलाई यंत्रांच्या कंपनीचं काम आलं. यंत्रात दोरा कसा ओवावा, एवढीच फिल्म. त्यातले हात बायकोचे होते. तिनं नखं कापून, अंगठी काढून दिवसभर दोरा ओवला. मॅनेजरनं फिल्म पास केली आणि म्हणाला, "डिस्क मात्र दिसायला घरगुती नको. मोठ्या साहेबांपुढे ठेवायची आहे." साहेबांना पटलं तर पुढच्या सगळ्या यंत्रांच्या फिल्मा त्याच्याच.

नाही पटलं तर दादा होतेच. मोठ्या भावाचं नळाच्या सामानाचं दुकान होतं. दादांनी गल्ल्याशेजारी धाकट्यासाठी नवी खुर्ची आणून ठेवली होती, वरचं प्लास्टिकही न काढता. "शूटिंग कर की हौसेनं," ते म्हणाले. "रविवारी दुकान बंदच असतं."

त्यानं छापील गोल लेबलं आणली. लेबल एकदा चिकटलं की चिकटलं. तिरकं गेलं तर डिस्क वाया, मध्ये हवा राहिली तर फुगा येणार. लेबल मधोमध बसवायला डिस्कच्या भोकात घट्ट बसेल असं काहीतरी हवं होतं. पेनं झाली, बॅटऱ्या झाल्या. शेवटी आरशापुढची एक नळी त्यानं उभी करून पाहिली. लेबल तिच्यावरून उतरवलं, वरून डिस्क सोडली.

"बरोब्बर बसतंय," तो म्हणाला.

"माझी लिपस्टिक आहे ती."

"होती."

डिस्क डबीत गेली. डबीवर पातळ प्लास्टिक चढवून त्यानं हेअर ड्रायर फिरवला, तसं प्लास्टिक आक्रसून कडांना चिकटलं. बायकोनं ती हातात घेऊन उलटसुलट केली. "विकत आणल्यासारखी दिसतेय," ती म्हणाली. याहून मोठं कौतुक त्या घरात नव्हतं.

तो डिस्क देऊन यायला गेला आणि ती टेबल आवरू लागली. कोरी म्हणून उरलेली एक डिस्क ठेवून द्यायला तिनं उचलली. उजेडात खालची बाजू भरलेल्या डिस्कसारखी गडद दिसली. तिनं ती प्लेअरमध्ये घातली. पडद्यावर तिचेच हात दोरा ओवत होते.

तो आला तो खुशीत. "मॅनेजरनं पॅकिंग फोडलंसुद्धा नाही. काचेच्या कपाटात ठेवली, साहेब येईपर्यंत."

तिनं टीव्ही लावला. सुईत दोरा जाईपर्यंत तो उभाच होता. दोन्ही डिस्क त्यानं मऊ फडक्यानं पुसल्या होत्या, उजेडात धरून ओरखडे शोधले होते. कुठली भरलेली, एवढंच बघायचं राहिलं होतं.

"सांगितलं तर काम गेलं," तो म्हणाला.

"नाही सांगितलं तर साहेब काळा पडदा बघतील. चपला घाला."

भरलेली डिस्क कागदी पाकिटात घालून तीही निघाली. त्याच्यावर सोडलं तर तो वाटेत दादांच्या दुकानात वळेल, असं तिला वाटलं.

"ती डिस्क कोरी आहे साहेब," तो मॅनेजरला म्हणाला. "भरलेली ही."

मॅनेजरनं पाकिटाकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "म्हणजे ती फोडायची?" त्याचा आवाज दुखावल्यासारखा होता.

"घरी नेऊन बदलतो. पुन्हा पॅक करून आणतो."

"वेळ कुठे आहे? साहेब जिन्यात आहेत." त्यानं क्षणभर विचार केला. "ती राहू द्या. ती साहेब हातात घेऊन बघतील. ही आपण लावू."

तसंच झालं. मोठ्या साहेबांनी कपाटातली डिस्क हातात घेतली, प्लास्टिकवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग पाकिटातली फिल्म लागली. बायकोनं आपले हात पर्सखाली लपवले.

"हात कोणाचे?" साहेबांनी विचारलं.

"घरचेच आहेत," तो म्हणाला. मॅनेजर छताकडे बघू लागला.

"सवयीचे वाटतात. पुढच्या फिल्मांनाही हेच घ्या."

त्यानंतर प्रत्येक फिल्मच्या तो दोन डिस्क द्यायचा, एक दाखवायची आणि एक लावायची. दादांच्या खुर्चीचं प्लास्टिक पुढे एका गिऱ्हाईकानं बसल्याबसल्या सोललं. ताट उजेडात धरायची सवय मात्र त्याला त्या दिवसापासून लागली. डिस्कचा जमाना सरला, प्लेअर माळ्यावर गेला, तरी ती सुटली नाही.

तो गेला तो दुपारी, जेवून आडवा झाल्यावर, झोपेतच. त्या दिवशीही बसताना त्यानं ताट खिडकीकडे धरलं होतं. बायको नेहमीचं वाक्य बोलणार, इतक्यात तोच म्हणाला, "याला ओरखडा आहे गं. असू दे, चालेल."