काठ किती रुंद हवा

आईच्या गुडघ्यांना रोज अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, असं डॉक्टर म्हणाले आणि मी टब शोधायची मोहीमच काढली. गोंदियाजवळ कुडव्याच्या आमच्या घरात तेव्हा न्हाणीची फरशी नव्याने बसायची होती, म्हणजे वेळही बरी होती. दोन वर्षं तिला आंघोळ मीच घालत होते. ती डोळे गच्च मिटून बसायची. पडली तर काय, म्हणून मी तिला एकटीला आत जाऊ देत नव्हते, आतून कडी लावायची तर बातच नाही. आईला टबाचं काही पडलं नव्हतं. तिला एकटीनं आंघोळ करायची होती.

मी त्या काळात बायांच्या मागण्यांची पत्रकं लिहायचे. नळाची, रेशनची, दारूबंदीची. टबांवरही तशीच तुटून पडले. आईला उभं करून पाय उचलायला लावला, तो जेमतेम वीतभर उठला. तेवढी सुतळी कापली आणि स्कूटीवरून गोंदियातली दुकानं पालथी घातली. कोपऱ्यात बसणारा टब, भिंतीला चिकटणारा, चार नक्षीदार पायांवर उभा राहणारा. एकाच्याही काठाची उंची सुतळीत मावेना. कॅटलॉगात फेसात लोळणाऱ्या तरण्या बाया. गुडघे दुखणारी एक नाही! मी दुकानदाराला तसं तोंडावर सुनावलं. तो हसला. "दीदी, टब तो शौक की चीज है. इलाज के लिए बाल्टी ले जाओ."

घरी येऊन मी येरझारा घालत भाषण ठोकू लागले. आई तांदूळ निवडत होती.

"बस ना एका जागी. माहे डोळे फिरून रायले. अन् ही सुतळी कायची?"

"तुझ्या पायाची. एवढाच उचलतो ना?"

"मी आत कशी जाईन, ते इचारलंस का मले?"

नव्हतं विचारलं. बायांना विचारल्याशिवाय योजना आखता, असं मी हरेक अधिकाऱ्याला लिहून देत होते.

दुसऱ्या दिवशी तिलाच मागे बसवून त्याच दुकानात नेलं. ती सरळ मांडलेल्या टबाच्या काठावर जाऊन टेकली.

"अरे माताजी, बैठिए मत! डिस्प्ले है!"

"आंघोळीची वस्तू ना बाबू? मंग बसू नोको तं का वाचू?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "धार टोचते. पार रुंद पायजे."

पार म्हणजे धानाच्या बांधीचा, भातखाचराचा बांध. रोवणीला, भात लावताना, ती आधी पारावर बसायची, मग एकेक पाय चिखलात सोडायची. गुडघे गेले तरी तेवढं तिला येत होतं.

टब विकत घेतलाच नाही. मिस्त्रीकडून विटांचा बांधून घेतला. काठ खुर्चीइतका उंच, हातभर रुंद, त्यावर बसून वळायचं आणि एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. आत बसायला ओटा, भिंतीला धरायला लोखंडी दांडा. ती तिथेच स्टूल टाकून बसली आणि टाइल लावायच्या आधी तिनं दोनदा काठावर बसून पाहिलं.

पहिल्या दिवशी ती आत गेली, कडी लागली. मी बाहेरून विचारत राहिले, पाणी गरम आहे का, दांडा धरलास का.

"तू दाराशीच राहाशील, तं मी कडी कायले लावली?"

मी चपला घातल्या. गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले. ती अजून आतच होती.