आईच्या पानावरची नानकटाई

माझी नानकटाई खाऊन आमचे बाबा रडले. ती नानकटाई माझी नव्हती.

गेल्या पावसाळ्यात आई गेली, आणि तेव्हापासून बाबांनी चहाबरोबर काही खाणंच सोडलं. बिस्कीट नको, खारी नको, टोस्ट नको. विचारलं की म्हणायचे, "भूक नाय." पोफळीच्या वीजघरात जन्मभर पाळ्या केलेला माणूस, पण आता दुपारी कप हातात धरून आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचा. तिचं नावही घ्यायचे नाहीत. मला ते बघवेना. म्हणून चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या आठवड्यात मी माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं. (वीजघराच्या कॉलनीतल्या बायकांनी मिळून छापलेलं, प्रत्येकीचा एक पदार्थ.) त्यात आईचं पान होतं, 'नानकटाई : सौ. कमल जाधव'. दर जयंतीला ती हीच करायची.

आता माझा स्वभाव असा, की छापलेलं जसंच्या तसं केलं तर शिकल्याचं समाधान मिळत नाही. आईने लिहिलं होतं दोन वाट्या तूप. बाबांचं कोलेस्टेरॉल आठवून मी घातलं एक वाटी. (आई असती तर हातातलं पातेलंच काढून घेतलं असतं!) तूप कमी, म्हणून गोळा जमेना. म्हणून दूध ओतलं. दूध जास्त झालं, म्हणून मैदा वाढवला. मग सगळं चपातीच्या कणकेसारखं घाम येईपर्यंत तिंबलं. शेवटी प्रत्येकीवर एक चारोळी दाबली. तेवढं मात्र पुस्तकाबरहुकूम.

पानावरची शेवटची ओळ होती, 'मग भट्टीवर द्यावी.' किती आच, किती वेळ, काही नाही. ते बेकरीवाल्याचं काम. आमच्या संगमेश्वरच्या बाजारातला बेकरीवाला अजून घरची नानकटाई भाजून देतो. सकाळी ट्रे दिला, संध्याकाळी डबा भरून आणला.

बाबांनी माझ्या आग्रहाखातर एक तोंडात टाकली. मग आपणहून दुसरी घेतली. मग चष्मा काढला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"कमलची आहे गो बाय," ते म्हणाले. "अगदी तिचीच."

मीही रडले. आणि खोटं कशाला बोलू, रडता रडता स्वतःचं कौतुकही करून घेतलं. मुंबईला भावाला फोन लावून सांगितलं, की आईचा हात माझ्यात उतरलाय.

फोन ठेवते तोच शेजारच्या मोहितेकाकू दारात. आईची कॉलनीपासूनची मैत्रीण. हातात डबा. जयंतीसाठी त्यांनीही आईच्याच पानावरून नानकटाई केली होती, वर चारोळी लावून, आणि त्याच बेकरीत दिली होती.

"अगो, माझी तुझ्याकडे आली वाटतं," काकू अगदी हळू म्हणाल्या. "ही तुझी. आमच्यांनी खाताना कवळी काढून ठेवली."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. लाजेपेक्षा भीती मोठी होती, की बाबा आता पुन्हा गप्प होणार.

बाबांनी माझ्या डब्यातली एक उचलली. टेबलावर आपटून बघितली. टक्क वाजली. मग ती चहात सोडली आणि वाट बघत बसले.

"लग्नाच्या वर्षी तिचीपण अशीच झालेली," ते म्हणाले. "मी बुडवून बुडवून संपवली. बोललो नाय कधी तिला."

आता रोज दुपारी ते माझी एक नानकटाई चहात सोडतात, आणि ती मऊ होईपर्यंत आईबद्दल बोलतात. बराच वेळ बोलणं होतं. भावाला मी पुन्हा फोन करून सांगितलं, की आईचा हात खरंच माझ्यात उतरलाय. फक्त लग्नाच्या वर्षीचा उतरलाय.