लाल न होणारं बॉनेट

ठोकेमामांचं खरं नाव गॅरेजच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. आपल्या हातून काम बिघडत नाही, हे ते इतक्यांदा सांगत की लोकांना पाठ झालं होतं. लेकीने तर ते वाक्य सासरीही नेलं होतं.

त्यामुळे व्याह्यांच्या नव्या गाडीच्या बॉनेटला पोचा आला, तेव्हा गाडी मामांकडेच आली. बायकोने बजावलं, "लेकीच्या सासरचं काम आहे. तिची मान खाली जायला नको."

मामांनी रंग खरवडून सवयीप्रमाणे लोहचुंबक लावलं. ते घसरून त्यांच्या पायावर पडलं. कुणीही पत्र्यावर संशय घेतला असता, मामांनी चुंबकावर घेतला. "म्हातारं झालं बिचारं," म्हणाले आणि गॅसची ज्योत पेटवली. पत्रा लाल झाला की हातोडी मारायची, ओलं फडकं ठेवायचं, हा त्यांचा नेम. ते लाल रंगाची वाट पाहत राहिले. बॉनेट होतं तसंच चंदेरी राहिलं आणि बघता बघता खचून त्याला मुठीएवढं भोक पडलं.

हल्ली गाड्यांची चाकं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात, हे मामांना माहीत होतं. बॉनेटही तसलंच निघेल आणि हा धातू लाल न होताच वितळतो, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. ते जुन्या टायरवर मटकन बसले. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी व्याह्यांच्या घरी जाऊन त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "बॉनेट जाळलं मी. चूक माझीच. नवीन बसवून देतो."

व्याही शांत माणूस. चेहरा जराही लाल झाला नाही, आणि लाल न होणाऱ्यांची मामांना त्या दिवशी धास्तीच बसली होती.

दारात उभी असलेली लेक आत निघून गेली. रडायलाच गेली असणार, असं मामांना वाटलं. पण ती लगेच परतली. हातात सासूबाईंचं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, आणि त्याच्या बुडाला भोक.

"परवा गॅसवर विसरले," ती सासऱ्यांना म्हणाली. "माळ्यावर लपवलं होतं. बाबांची मुलगी असून असं केलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

व्याह्यांनी पातेलं उचलून भोकातून मामांकडे पाहिलं. "म्हणून दूध कुकरमध्ये तापतंय होय," ते म्हणाले. "बसा व्याहीबुवा, चहा घेऊ."

लेक मामांशेजारी येऊन बसली. लग्नानंतर त्या घरात ती अशी पाय वर घेऊन ऐसपैस बसलेली मामांनी पहिल्यांदाच पाहिली.