शालिग्रामजींना शत्रू पाहिजे

शालिग्राम उमरेडकरांचा जीव घ्यावा असं रायपूरच्या अख्ख्या बूढापाऱ्यात कोणालाच वाटत नव्हतं, आणि त्यांची सगळी अडचण तिथंच होती.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला हा माणूस बंदुकीच्या लायसन्सची मुदत वाढवून घ्यायला कलेक्टर कचेरीत गेला होता. दर खेपेला जुना बाबू खाली मान घालून शिक्का मारून देई. या खेपेला खुर्चीत नवा, तरुण साहेब होता आणि तो चक्क कागद वाचत होता.

“आपको खतरा किससे है?” साहेबानं विचारलं.

शालिग्रामजींनी प्रामाणिकपणे विचार केला. “वैसे तो शुगर है,” ते म्हणाले.

साहेब हसला नाही. शिकारीला बंदी येऊन जमाना झाला, राखायला शेत तुमच्याकडे नाही, मग बंदूक हवी कशाला? स्वतःच्या रक्षणासाठी हवी तर धोका कोणापासून ते सांगा, नाहीतर ती जमा करा. एवढं ऐकवून त्यानं महिन्याभराची मुदत दिली.

बंदूक मूळची वडलांची, हरिदासरावांची. दुनळी, बारा बोअरची. हरिदासराव रेल्वेत गार्ड होते आणि बंदीच्या आधी धमतरीकडच्या जंगलात त्यांनी एक रानडुक्कर मारलं होतं. एकच. पण सांगता सांगता ते डुक्कर दर दिवाळीला वाढत गेलं आणि हरिदासराव वारले तेव्हा जवळपास म्हशीएवढं झालं होतं. शालिग्रामजींनी स्वतः जन्मात कधी घोडा ओढला नाही. लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू झाले की ते कानात कापूस घालून बसत. पण बंदूक बैठकीत टीव्हीच्या वर टांगलेली असे, दसऱ्याला तिला पाटावर घेऊन हळदकुंकू वाहिलं जाई आणि सगळा पारा, म्हणजे सगळी आळी, त्यांना ‘बंदूकवाले बाबूजी’ म्हणे. पार्सल ऑफिसातला कारकून म्हणून त्यांना कोणी ओळखलं नसतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर त्यांची झोप उडाली.

तसे बंदुकीचे हाल रायपूर राजधानी झालं तेव्हापासूनच सुरू होते. राज्य नवं, त्याला निवडणुकांची भारी हौस. विधानसभा झाली की लोकसभा, ती झाली की महापालिका. आचारसंहिता लागली रे लागली की लायसन्सवाल्यांनी बंदुका ठाण्यात नेऊन द्यायच्या. दसराही कधी कधी त्यात सापडे. मग शालिग्रामजी डबीत हळदकुंकू आणि खिशात झेंडूचं फूल घेऊन ठाण्यात जात आणि मुद्देमालाच्या खोलीत पूजा करून येत. हवालदारांनाही सवय झाली होती. एका वर्षी त्यांनी आपल्या रायफलीही शेजारी मांडल्या आणि वर नारळाचा प्रसाद मागितला.

तर आता शत्रू शोधणं आलं.

“तुमच्या जिवावर कोण उठून राहिलं जी?” शारदाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “वीस वर्षांत तुमच्याशी कोणी धड भांडलं तरी काय?”

हे बायकोनं म्हणावं याचं शालिग्रामजींना वाईट वाटलं. सदर बाजारात एका सराफाला खंडणीची धमकी आली होती, त्याला हातोहात लायसन्स मिळालं होतं. आपल्याला साधा एक वैरी नाही! त्यांनी सगळी हयात धुंडाळली. ऑफिसात एकानं त्यांची बढती अडवली होती, तो केव्हाच वारला. मेहुण्याशी अबोला होता, पण तो नागपुरात, आणि त्याला जिना चढवत नसे. राहता राहिला शेजारचा दयाराम साहू. नालीच्या पाण्यावरून त्याच्याशी एकदा कडाक्याचं वाजलं होतं.

दयारामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “हव भैया,” तो मान डोलावून म्हणाला, “इतना तो कर ही सकते हैं.”

ठरलं असं, की संध्याकाळी पानठेल्यावर चार लोकांदेखत दयारामनं धमकी द्यायची. तो वेळेवर आला. धुतलेला सदरा घालून आला. “राम राम भैया,” म्हणून त्यानं आधी नमस्कार केला, गुडघा कसा आहे ते विचारलं, मग घसा साफ करून मोठ्यानं म्हणाला, “मैं तोला मार डारहूँ!” पानठेल्यावरचे लोक कौतुकानं बघू लागले. पुढं काय बोलायचं ते ठरलंच नव्हतं. मग दयाराम म्हणाला, “चहा पीबे का?” आणि दोघं त्याच्याकडे चहा प्यायला गेले.

चहा पिताना दयाराम म्हणाला, “तुम रिपोट लिखा दो. दो दिन बिठाएँगे थाने में, और क्या!”

शालिग्रामजींनी हातातली बशी खाली ठेवली. भिंतीवरच्या लोखंडासाठी आपण या माणसाला कोठडीत बसवायला निघालो होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. रिपोर्ट त्यांनी लिहवला नाही. पण बंदुकीचा मोहही सुटेना.

त्यात अमेरिकेतून तेल ओतणं चालू होतंच. मुलगा ऋषिकेश टेक्सासात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्यानं नुकतीच रायफल घेतली होती, ज्या दुकानात दूध आणि लहान मुलांचे कपडे मिळतात त्याच दुकानातून. “बाबा, इथं कोणी विचारत नाही कशासाठी पाहिजे म्हणून,” तो फोनवर सांगे. “हक्क आहे आपला. हिवाळ्यात पैसे भरून कोणाच्याही रानात हरणं मारायला जा. परवाना किराणा दुकानात मिळते. इसको बोलते हैं आजादी!” शालिग्रामजी हे सगळ्या पाऱ्याला सांगत. देश असावा तर असा, म्हणत. आपल्याकडे माणसाला स्वतःच्या भिंतीवर काय टांगावं याचंही स्वातंत्र्य नाही, हे त्यांचं मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलं.

मुदत संपायच्या आदल्या सकाळी चहाच्या वेळी ऋषिकेशचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. पडद्यावर पहिलीतली नात आली, ज्ञानदा.

“आजोबा, आज आम्ही शाळेत लपलो,” ती म्हणाली. “लाइट बंद करून. कपाटामागे.”

“वा! डाव कोणावर होता?”

“डाव नाही. आवाज नाही करायचा. रडायचं पण नाही.”

“मग शोधणार कोण तुले?”

“बंदूकवाला,” ज्ञानदा म्हणाली.

शालिग्रामजींना वाटलं, आपल्यालाच म्हणते आहे. ते हसले. मग ऋषिकेश मधे आला आणि म्हणाला, “कुछ नहीं बाबा, सराव असते तो. सगळ्या शाळांत असते. कोणी बंदूक घेऊन घुसला तर काय करायचं त्याचा.” आणि मग म्हणाला, “म्हणूनच तर घेतली मी. आजूबाजूला सगळ्यांकडे आहे, तर भीती वाटते.”

शालिग्रामजींचा चहा तसाच राहिला. शत्रू शोधायला त्यांनी बूढापारा पालथा घातला होता, आणि घरात शत्रू असलेलं माणूस एकच निघालं. तेही सहा वर्षांचं.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत साहेबासमोर उभे राहिले.

“हाँ, तो खतरा किससे है?”

“किसी से नहीं,” शालिग्रामजी म्हणाले. इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या. “एक आदमी बोला था मारूँगा. चाय पिलाया.”

साहेब या वेळी हसला. बंदूक जमा झाली. ठाण्यातल्या हवालदाराला वाटलं, परत निवडणूक लागली, त्यानं सवयीनं विचारलं, “बाबूजी, कब ले जाओगे?” शालिग्रामजींनी खिशातलं फडकं काढून नळी एकदा पुसली आणि ते बाहेर पडले. रस्त्यात त्यांना रडू आलं. बापाची वस्तू होती. पानठेल्यावरून कोणीतरी ‘बंदूकवाले बाबूजी’ अशी हाक मारली आणि त्यांनी नेहमीसारखा हात वर केला.

टीव्हीवरच्या खिळ्याला शारदाबाईंनी छत्री अडकवली.

रविवारी ज्ञानदानं फोनवर भिंत बघितली. “आजोबा, तुमची गन कुठे गेली?”

“देऊन टाकली.”

“मग तिथे कोणी आलं तर?”

“दयाराम येते,” शालिग्रामजी म्हणाले. “चहा प्यायले.”

“आणखी कोणी नाही?”

“दुसरं कोण येऊन राहिलं?”

ज्ञानदानं यावर बराच विचार केला. मग फोन तोंडाशी आणून, आवाज होऊ नये म्हणून, शाळेत शिकवल्यासारखं हळू बोलली, “मग मी तिथल्या शाळेत येऊ?”

पडद्यावर ऋषिकेशचा खांदा दिसत होता. सगळ्या पाऱ्याला त्या देशाची थोरवी सांगत फिरलेले शालिग्रामजी खिळ्यावरच्या छत्रीकडे बघत राहिले.

“अहो, हव म्हणा ना तिले,” शारदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.