रोल कशानं तुटला

शीळफाट्याजवळच्या ज्या पोलाद गिरणीत मंजुळा वाघमारे कॉम्प्युटरवर बसायची, तिथेच तिच्या वडिलांचा, कुंडलिकचा, पाय गेला होता. १९८६ साली भर दुपारी, चालू पाळीत रोल तुटला. लालभडक लोखंड दाबून पट्टी काढणारा तो जाडजूड रोल. त्याचा तुकडा उडून कुंडलिकच्या गुडघ्यावर बसला. चौकशीत ठरलं, कुंडलिकनेच रोल निववायचं पाणी उशिरा सोडलं. तो दवाखान्यात होता, त्याला विचारायला कोणी गेलं नाही. पुढे माणुसकी म्हणून त्याच्या बी.एस्सी. झालेल्या मुलीला नोकरी दिली.

१९९१ साली गिरणीत कॉम्प्युटरवर रोलच्या तापमानाचं गणित सुरू झालं. पण एका रोलचं उत्तर यायला नऊ तास! तोवर रोल बदललेलाही असायचा. वरातीमागून घोडं. प्रोग्राम अख्ख्या रोलचे बारीक बारीक तुकडे पाडायचा आणि एकेकाचं तापमान काढत बसायचा. रोज ते आकडे वाचून मंजुळाच्या ध्यानात आलं, की रोलच्या एका फेऱ्यात तापते-निवते ती फक्त वरची साल. आतला गाभा तासन्‌तास सावकाश तापतो. तिने सालीचे तुकडे बारीकच ठेवले, गाभ्याचे मोठे केले.

उत्तर अकरा मिनिटांत आलं.

"काहीतरी खाल्लंस तू गणितात," तिचे वरिष्ठ कर्णिक साहेब म्हणाले. त्यांनी जुन्या उत्तराशी ताडून पाहिलं. फरक दोन अंशांचा. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. "अगं, केलंस काय हे!"

जेवणाच्या सुट्टीत मंजुळाने डबा उघडलाच नाही. शहाऐंशी सालची पाळीची वही काढून तिने अपघाताच्या दिवसाचे आकडे भरले. जुन्या प्रकरणासाठी नऊ तास मशीन कोण देणार होतं? आता अकरा मिनिटं पुरत होती. एकदा पाणी उशिरा सोडलं असं धरलं, एकदा वेळेवर.

दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच आली.

त्या दुपारी नवा, गारढोण रोल चढवून पहिल्या पट्टीपासून गिरणी पुऱ्या वेगात पळवली होती. साल तापून फुगली, गाभा थंड राहिला, आणि रोल आतूनच ताणला गेला. मंजुळाने कर्णिकांना बोलावलं.

"साहेब, हा तुटणारच होता."

कर्णिकांनी वही ओढली. पुऱ्या वेगाचा हुकूम त्यात होता, खाली तेव्हाच्या मॅनेजरची सही.

संध्याकाळी आंबिवलीला घरी पोचताच तिने चपला न काढता सांगून टाकलं, "बाबा, तुमची चूक नव्हती! मशीनवर निघालं."

कुंडलिक गवार मोडत होता. त्याने मान वर केली.

"मी पाणी टायमावरच सोडलेलं. दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी बोललेलो तुला." तो थांबला. "तुला आज पटलं होय?"

मंजुळा दारातच खिळून राहिली. पाच वर्षं ती या माणसाला सांभाळून घेत आली होती, चुकलेल्या माणसाला घेतात तसं.

पुढे कर्णिकांनी भांडून चौकशीतला कुंडलिकवरचा शेरा खोडायला लावला, आणि नवा रोल आधी अर्धा तास सावकाश फिरवायचा नियम झाला. गिरणीचं पत्र आलं तेव्हा कुंडलिकने ते दोनदा वाचलं. मंजुळाला मात्र त्याच्याकडे बघवेना.